डावा हात वर

शीलिन, १२ सप्टेंबर १९८८

प्रिय आत्या,
नमस्कार.

पोचले. खोली मिळाली. खिडकीतून खाली गावाचं मैदान दिसतं आणि त्यात उदबत्त्या वाळत घातलेल्या असतात. लाल काड्यांच्या जुड्या पंख्यासारख्या उघडून ठेवतात. अख्खं गाव हाच धंदा करतं. माझ्या उशीलासुद्धा चंदनाचा वास येतो. तू इथे असतीस तर म्हणाली असतीस, की नुसता श्वास घेतला तरी पूजा होते, उदबत्ती वाचली!

वर्ग मोठा आहे, पोरं गोड आहेत. मी इंग्रजी शिकवते, पण मला अजून कायम केलेलं नाही, मी बदली शिक्षिका. डिसेंबरात माझा खुला तास आहे. म्हणजे शिक्षण कार्यालयाचे साहेब आणि आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक मागच्या बाकांवर येऊन बसणार, मी शिकवणार आणि ते वह्यांमध्ये लिहिणार. तास आवडला तर मी कायम. नाही आवडला तर बाबांनी छत्रीच्या कारखान्यात माझ्यासाठी जागा बोलून ठेवलीच आहे. छत्र्यांना काड्या लावायच्या. आत्या, मला छत्र्यांचा राग नाही, पण माझा जीव इथे लागला आहे.

विषय मला नेमून दिला आहे: चिनी आणि इंग्रजी वाक्यांची बांधणी शेजारी शेजारी ठेवून शिकवायची. मी पोरांच्या गळ्यात उदबत्तीच्या खोक्यांचे पुठ्ठे अडकवले, एका पुठ्ठ्यावर एक शब्द. ‘काल संध्याकाळी’, ‘आजी’, ‘देवळासमोर’, ‘वाळवते’, ‘उदबत्त्या’. चिनीत ही पोरं याच क्रमानं उभी राहतात. मग मी टाळी वाजवली की इंग्रजी! आजी पळत पुढे येते, तिच्यामागे ‘वाळवते’, मग उदबत्त्या, मग देऊळ, आणि ‘काल संध्याकाळी’ला पहिल्या जागेवरून धावत थेट शेपटाला जावं लागतं. तो झालाय आमचा गुबगुबीत दाशंग. काल धापा टाकत म्हणाला, “बाई, चिनीत मी राजा आणि इंग्रजीत मी शेवटचा! हा कुठला न्याय?”

शिवाय इंग्रजीत ‘वाळवते’ला पुठ्ठा उलटावा लागतो. कालचं काम असेल तर शब्दाचं रूपच बदलतं. आपल्याकडे शब्द आहे तसाच राहतो, काल म्हटलं की काल. यावर होंग रुईयिन नावाची एक मुलगी म्हणाली, “म्हणजे कालचं सांगायचं तर शब्दानं कालचे कपडे घालायचे?” मला स्वतःला इतकं छान सांगता आलं नसतं.

आतोबांच्या गुडघ्याला उदबत्तीवाल्यांकडचं तेल पाठवते.

तुझी
सुयुन

ता.क. तुझं पाकीट पाहून ओळखलं. आतल्या बाजूला सोया सॉसच्या दुकानाचं नाव होतं.

---

छुआनजोऊ, २६ सप्टेंबर
पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. सुयुन हिला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी मूनकेक कापत होते. एकाचे आठ तुकडे. आतोबा म्हणाले, “पौर्णिमा आहे गं, अमावास्या नाही, जरा मोठे काप.” मी म्हटलं, गोड थोडंच बरं. तुझा तुकडा देवीपुढे ठेवला होता, नंतर मी खाल्ला. तुझ्या नावानं.

पाकिटावर हसू नकोस. आलेलं पाकीट सांध्यावर पाणी लावून उघडायचं, उलटायचं, पुन्हा चिकटवायचं. बाहेरची बाजू जुनी होते, आतली कोरीच असते. लोक ती फेकतात कशी, मला कळत नाही. आणि तू शाळेत काम करतेस तरी विकतच्या पाकिटात पत्र घालतेस? शाळेची छापील असतील ना? मागून घे.

आता तुझ्या इंग्रजीबद्दल. मी हायस्कूल पास झाले तेव्हा आम्हाला रशियन शिकवायचे. त्यातलं एकच वाक्य राहिलं आहे, “हे टेबल आहे.” तीस वर्षांत एकदाही कोणी मला रशियनमध्ये विचारलं नाही, की हे काय आहे. त्यामुळे भाषांतलं मला फार कळतं असं नाही. पण तू मागे म्हणाली होतीस, की इंग्रजीत दोन टेबलं, दोन खुर्च्या म्हणताना शब्दाला शेपूट लावतात, त्याचा मी विचार केला. दोन लिहिलंच आहे ना? मग शेपूट कशाला? एका खर्चाची दोनदा नोंद झाली ही. मग तूच म्हणालीस की माशाला मात्र लावत नाहीत. म्हणजे नोंदही धड नाही!

उलट आपल्याकडे बघ, प्रत्येक वस्तूला मोजायचा आपला वेगळा शब्द. मासा लांब म्हणून त्याला दोरीचा शब्द, टेबल पसरट म्हणून त्याला कागदाचा. दाशंगला सांग, राजा तो चिनीतच.

तुझ्या बाबांशी बोलले. ते वाईट नाहीत, घाबरट आहेत. लहानपणी कोंबड्याला घाबरून माझ्यामागे लपायचे. त्यांना मी सांगितलं, डिसेंबरपर्यंत छत्रीचा विषय मिटवून ठेव. देवीला रोज सांगते आहे: माझू आई, युंगछुन तालुक्यातल्या शीलिन गावातल्या ज्वांगांच्या सुयुनकडे लक्ष ठेव. पत्ता नीट सांगावा लागतो, नाहीतर देवी दुसऱ्याच सुयुनकडे जायची.

स्वेटर धाडते. बाह्या जुन्या स्वेटरच्या आहेत, दिसत नाही.

तुझी आत्या
ज्वांग जिनश्या

---

शीलिन, ३० ऑक्टोबर

प्रिय आत्या,

स्वेटर अंगात आहे. बाह्या दिसतात, पण आवडल्या.

छापील पाकिटांचं म्हणशील, तर ती लाल छापाची असतात, वर शाळेचं नाव. ती फक्त कायम शिक्षकांना मिळतात, वर्षाला एक गठ्ठा. माझ्याकडे नसली तरी मी रोज बघते. शिक्षकखोलीत केबाईंच्या टेबलावर पडलेली असतात. केबाई आमच्या इंग्रजी विभागाच्या प्रमुख. नातवंडं आहेत, पण जिना माझ्याआधी चढतात. त्यांनी आजवर कितीतरी खुले तास पार पाडले आहेत. त्या रोज मला शिकवतात, फळ्याच्या कुठल्या कोपऱ्यात काय लिहायचं आणि कुठे थांबायचं. “साहेब मान डोलावतात तेव्हा एक श्वास थांब. त्यांना पुन्हा डोलवायला वेळ दे.”

तोच तास आम्ही पुन्हा पुन्हा करून बघतो आहोत. आता दाशंग इतका पटकन शेपटाला पोचतो, की ‘देवळासमोर’ अडखळून पडतो. एका पोरानं मुद्दाम चुकायचं आणि दुसऱ्यानं ती चूक सुधारायची, हेही ठरलेलं आहे. चुकणारा पोरगा इतका मन लावून चुकतो, की मलाच हसू येतं.

आणि ऐक! आता मी काहीही विचारलं तरी वर्गातले सगळेच्या सगळे हात वर होतात. एकही खाली राहत नाही. खालून वारा यावा आणि भाताचं शेत उभं राहावं, तसं दिसतं.

आतोबांना सांग, तेल चोळल्यावर लगेच जिना चढायचा नाही.

सुयुन

---

छुआनजोऊ, ८ नोव्हेंबर

चि. सुयुन हिला अनेक आशीर्वाद.

सगळेच्या सगळे हात!

पत्र वाचलं आणि मला बसवेना. आधी शेजारच्या नूडलवालीला सांगितलं, मग गल्लीतल्या नळावर. नळावर सांगितलं की वेगळं कोणाला सांगायला लागत नाही. नूडलवालीचा मुलगा शहरातल्या मोठ्या शाळेत आहे. ती म्हणते, “आमच्या पोराच्या वर्गात दोन हात वर होतात, त्यातला एक खिडकी उघडायला.” मी फक्त हसले. असं हसायची संधी रोज येत नाही.

मग देवळात गेले. संत्री ठेवली, आणि चांगली होती ती ठेवली, डागाळलेली नाही. माझू आईला सांगितलं, आई, आमच्या पोरीच्या वर्गात असं एकही लेकरू नाही ज्याला येत नाही. डोळ्यांत पाणी आलं. तुझी आजी असती तर? तिला स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं, आणि नातीच्या वर्गातल्या सगळ्यांना इंग्रजी येतं!

तुझ्या बाबांनाही कळवलं. त्यांनी नुसतं “हं” म्हटलं, पण “हं” लांब होता.

मुळ्याच्या वड्या पाठवते, केबाईंना दे. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांना काही दिल्याशिवाय राहू नये.

आत्या

---

शीलिन, १७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

वड्या मिळाल्या. केबाईंनी निम्म्या उभ्याउभ्याच संपवल्या.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग जेवण जाईना. तू देवीला सांगशील, असं मला वाटलं नव्हतं. गल्लीला सांगितलंस ते चाललं असतं.

हात सगळे वर होतात हे खरं आहे. पण आत्या, ज्याला उत्तर येतं तो उजवा हात वर करतो. ज्याला येत नाही तो डावा. मी फक्त उजव्या हातांना विचारते. मागे बसलेल्यांना नुसते हात दिसतात. केबाईंनी शिकवलं. त्या म्हणतात, सगळेच करतात, त्यांच्या बाईंनीही असंच केलं होतं. पोरांना तर मोठी गंमत वाटते.

डावे हात बरेच आहेत. रुईयिनचा बहुतेक वेळा डावाच असतो. कालच्या कपड्यांचं बोलली ना, तीच. डोकं आहे, पण तोंडातून इंग्रजी निघत नाही.

रागावू नकोस. आणि बाबांना कळवू नकोस.

सुयुन

---

छुआनजोऊ, २६ नोव्हेंबर

चि. सुयुन,

तुझ्या बाबांना कळवलेलं नाही. नूडलवालीला तर मुळीच नाही, ती बाई वर्षभर हसेल.

देवीचं मात्र मला निस्तरायला हवं होतं. पहाटे गेले. संत्री न्यायची लाज वाटली, पण रिकाम्या हातानं जायची जास्त वाटली, म्हणून नेली. सांगितलं, आई, मागच्या वेळी मी बोलले त्यात चूक झाली. सगळ्यांना येत नाही. काहींना येतं, बाकीच्यांचे हात डावे आहेत. आणि कौल लावला: पोरीनं असाच तास घेतला तर चालेल का?

लाकडाच्या दोन्ही चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक पालथी, एक उताणी पडली तर होकार. दोन्ही पालथ्या पडल्या तर नकार. माझ्या दोन्ही उताण्या पडल्या आणि नुसत्या डुलत राहिल्या. देवी हसली, सुयुन! पुन्हा टाकल्या, पुन्हा हसली. मी घाबरले. देवळातली साईमावशी झाडत होती, ती म्हणाली, “अगं, घाबरतेस काय? देवी हसते म्हणजे तुझा प्रश्न नीट नाही. दुसऱ्या तऱ्हेनं विचार.”

दुसरी तऱ्हा मला सुचेना. घरी आले, भात लावला. पाण्याला उकळी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता, तो तुला लिहिते. मला इंग्रजी येत नाही, खुल्या तासातलंही कळत नाही, केबाईंचा अनुभव मोठा आहे. पण ज्या पोरीचा रोज डावाच हात वर होतो, तिच्या मनात काय येत असेल? तिला कोणी विचारतच नाही. ती हात वर करते ते ‘मला विचारू नका’ हे सांगायला.

तुझं तू ठरव. छत्रीचा कारखाना काही वाईट नाही, पावसाला लोक नावं ठेवतात, छत्रीला कोणी ठेवत नाही. पण तू तिथे जावंस असं मला वाटत नाही, हेही लिहून ठेवते.

थंडी वाढली आहे. आलं घालून बदक करते तेव्हा तुझी आठवण येते. पाय तुला आवडतात, ते आतोबा खातात.

आत्या

---

शीलिन, १६ डिसेंबर

प्रिय आत्या,

काल झाला खुला तास. आधी सगळं सांगते, मग झोपते.

तुझं पत्र आल्यावर मी केबाईंकडे गेले आणि म्हटलं, डाव्या हाताचं मला जमणार नाही. त्या बराच वेळ चहा फुंकत बसल्या. म्हणाल्या, “तुझी नोकरी, तुझा तास. पण मग निम्मे हात खाली राहतील, तयारी ठेव.” परवा वर्गात जाऊन पोरांना सांगितलं: उद्या ज्याला येतं त्यानंच हात वर करायचा. कुठलाही. नाही आलं तर खुशाल बसून राहा. सगळ्यांनी माना हलवल्या. मला वाटलं, समजलं.

काल मागचे सगळे बाक भरले. मधोमध याओसाहेब, तालुक्याचे तपासनीस. पांढरे केस, गळ्याशी बंद कोट, हातात वही. पुठ्ठ्यांचा खेळ झाला. दाशंग असा धावला की पाहुण्या शिक्षिकांनी पाय वर घेतले. साहेबांनी मान डोलावली, मी एक श्वास थांबले, त्यांनी पुन्हा डोलावली! मग मी पहिला प्रश्न विचारला. चिनी वाक्याची आणि इंग्रजी वाक्याची बांधणी कुठे कुठे वेगळी आहे?

आणि आत्या, सगळे हात वर. सगळेच्या सगळे! उजवे आणि डावे, मला स्वच्छ दिसत होते. मी एक उजवा हात शोधतेय तोवर याओसाहेब उभे राहिले. “वा! असा वर्ग मी पाहिला नाही. बाई, मी एकाला विचारू का?” आणि बाकांमधून चालत येऊन त्यांनी बोट केलं ते थेट रुईयिनकडे. डावा हात.

ती उभी राहिली. कानापर्यंत लाल.

“सांग बाळ.”

“मला येत नाही, साहेब.”

“मग हात कशाला वर केलास?”

“डावा केला, साहेब. येत नसलं की डावा.”

मागे कोणाची तरी पेन्सिल पडली. मला वाटलं, आता जमिनीत जावं. साहेब माझ्याकडे वळणार तेवढ्यात रुईयिन घाईघाईनं बोलली, “बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं! काल सांगितलं. आम्हीच ठरवलं, नळावर, शाळा सुटल्यावर. हात कमी दिसले तर बाईंना छत्रीच्या कारखान्यात पाठवतील.”

हे त्यांना कोणी सांगितलं? मी तर नाही. पण उदबत्तीच्या गावात काही लपत नाही, सगळं उघड्यावर वाळत घालतात.

मग मागून एक आवाज आला, कोणीतरी हसू दाबत असल्यासारखा. पाहिलं तर केबाई, रुमालात तोंड घालून. त्यांच्या शेजारच्या बाई हसल्या, मग पलीकडचे गुरुजी. सगळे बाक हलायला लागले. आत्या, ते सगळे तेच करत आले होते! याओसाहेब तेवढे गंभीर उभे. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मी शिकवत होतो तेव्हा आमच्याकडे येत नसेल तर मूठ बंद ठेवायची पद्धत होती.” आणि ते इतके हसले की वही खाली पडली.

हसून झाल्यावर म्हणाले, “उजवे हात खाली. डावे तसेच ठेवा. बाई, आता यांना विचारा, काय येत नाही.”

माझ्या टिपणात यातलं काहीच नव्हतं. मी रुईयिनला विचारलं. ती म्हणाली, “माझे काका मलाक्कात असतात. आजीची पत्रं मीच लिहिते. आपल्या घरचा पत्ता लिहिताना आधी देश, मग प्रांत, मग तालुका, मग गाव, आणि सगळ्यात शेवटी माणूस. काकांचा पत्ता लिहिताना आधी काका, मग घर, मग रस्ता, आणि देश शेवटी. वाक्यातसुद्धा तसंच आहे का बाई? आणि ते असं उलटं का करतात?”

मी म्हटलं, “वाक्यात थोडं तसंच आहे. पण का ते मला माहीत नाही, रुईयिन. बघू या.” आणि फळ्यावर दोन पाकिटं काढली. मग काय विचारतेस! ज्यांनी चार महिन्यांत तोंड उघडलं नव्हतं ती पोरं बोलायला लागली. एक म्हणाला, देश मोठा म्हणून त्याचा मान आधी. दुसरी म्हणाली, मग पत्र देशाला लिहायचं का? तिसरा म्हणाला, आपले पोस्टमनकाका पत्ता शेवटून वाचतात, म्हणजे त्यांना इंग्रजी येतं. शेवटी दाशंग, अजून धापा टाकत, गळ्यात ‘काल संध्याकाळी’ तसंच: “बाई, मी आज इतक्यांदा इकडून तिकडे पळालो, मला कळलं. आपण दुरून घरी येतो. ते घरातून निघतात.”

घंटा झाली तरी कोणी उठेना.

पाहुण्यांना वाटीभर शेंगदाण्याचं सूप दिलं. याओसाहेब दोन वाट्या प्यायले, पण निकालाचं काही बोलले नाहीत. कार्यालयातून पत्र येईल, नव्या वर्षात. जाताना केबाईंना म्हणाले, “पुढच्या वेळी मूठ करून बघा.” यावरून काय समजायचं? मला काहीच कळत नाही. छत्री आली तर छत्री. पण कालच्यासारखा दिवस मला मिळाला, हे खरं.

सुयुन

---

छुआनजोऊ, १४ जानेवारी १९८९

चि. सौभाग्यकांक्षिणी सुयुन हिला आत्याचे आणि आतोबांचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं डिसेंबरचं पत्र मी इतक्यांदा वाचलं, की घड्या फाटायला आल्या. दक्षिणायन संपलं त्या दिवशी तांदळाच्या गोळ्या केल्या, रिवाजाप्रमाणे दाराला चिकटवल्या, तुझ्या नावाची एक जास्त. तुझे बाबा आले होते. गोळी चावता चावता म्हणाले, “कारखानेवाला विचारतोय, काय सांगू?” मी म्हटलं, तोंडात गोळी असताना बोलू नये. रोज पोस्टमनची सायकल गल्लीत शिरली की मी आधण सोडून दारात. सायकल पुढे जायची.

आज तो कोपऱ्यापासूनच ओरडत आला. “ज्वांगबाई! परदेशी अक्षरांचं पत्र!” नूडलवाली पिठाच्या हातांनी बाहेर आली, नळावरच्या बादल्या भरून वाहायला लागल्या. सगळ्यांना वाटलं, मलायातून कोणी श्रीमंत नातेवाईक निघाला. वर चार ओळी इंग्रजीत, खाली बारीक चिनीत. पोस्टमन म्हणाला, “बाई, पहिली ओळ म्हणजे तुम्ही. मग तुमची गल्ली, मग शहर. तुम्ही सगळ्यांच्या पुढे!” इतकी वर्षं माझं नाव प्रांत, शहर, गल्ली, घर सगळं झाल्यावर लिहिलं गेलं. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं, आणि आताही शेवटीच राहायला आवडेल. पण एकदा पुढे उभं राहून बघायला मजा आली. दाशंगला सांग.

पण ते सगळं नंतर. माझं लक्ष आधी कोपऱ्याकडे गेलं होतं. लाल छाप. शाळेचं नाव.

मी तिथेच दारात रडले. नूडलवाली घाबरली, “अगं, उघडून तरी बघ, काय लिहिलंय!” मी म्हटलं, उघडायची गरज नाही, कळलं. तिला वाटलं मला इंग्रजी येतं. वाटू दे.

तुझ्या बाबांकडे आतोबांना पाठवलं, गुडघ्यासकट. त्यांनी या खेपेला “हं” म्हटलं नाही. घरात गेले आणि कारखान्यातून आणलेली नवी छत्री घेऊन आले. “तिला सांग, तिकडे पाऊस फार पडतो.” पार्सल करते आहे.

देवळात गेले. संत्री. आधी सांगितलं, आई, पोरगी कायम झाली. आणि मग सुचली ती दुसरी तऱ्हा. विचारलं, आई, तेव्हा तू माझ्यावर हसत होतीस, की डाव्या हातांवर, की पुढे काय होणार ते तुला दिसत होतं म्हणून? टाकल्या चंद्रकोरी. पुन्हा दोन्ही उताण्या, पुन्हा डुलल्या. साईमावशी झाडू टेकून म्हणाली, “अजून प्रश्न नीट नाही वाटतं.” मी म्हटलं, असू दे. हसू दे तिला.

हे पत्र नेहमीसारखं उलटलेल्या पाकिटातून येतंय, तुझ्या नोव्हेंबरच्या. ते लाल छापाचं पाकीट मात्र मी सांध्यावर पाणी लावून नीट उघडलं, तुझं पत्र काढून वाचलं, मग आत डोकावले, आतली बाजू अगदी कोरी आहे, चांगली जाड. तसंच परत चिकटवलं आणि देवीच्या तसबिरीशेजारी ठेवलं.

ते मी उलटणार नाही.

तुझी आत्या
ज्वांग जिनश्या